जँगोचा सैल हात आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात जँगो राइनहार्टवर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं की हा माणूस फार सैल वाजवतो आणि खरी मजा त्यातच आहे. बस, एवढंच. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आलेत तेवढे त्या बिचाऱ्या लेखावरही नाही आले. काहींना राग आलाय, काहींना फार आनंद झालाय, एका आईला टेन्शन आलंय (ते खाली येतंच). ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: जँगो म्हणजे १९१० साली बेल्जियममधल्या लिबेर्शी गावात जन्मलेला, पॅरिसच्या वेशीबाहेर रोमा या आपल्या भटक्या समाजाच्या वस्त्यांत चाकांवरच्या घरात वाढलेला जॅझ गिटारवाला. अठराव्या वर्षी आगीत डावा हात भाजला, करंगळी आणि अनामिका जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याने असं काही वाजवलं की नव्वद वर्षांनीही लोक त्याच रेकॉर्डी लावून डोकं धरून बसतात. १९५३ मध्ये गेला, वय ४३.

आता प्रश्न.

मी तबला वाजवतो. सैल म्हणजे लयीत कच्चा असं म्हणायचंय का तुम्हाला? आमच्याकडे हा शब्द शिवी आहे. (एक वाचक, नाशिक)

शिवी आहे खरी, पण मी शब्द मागे घेत नाही. तुम्ही तबल्याचे आहात त्यामुळे उलट तुम्हालाच हे पटकन कळेल. जँगोचा हात सैल राहू शकतो कारण त्याच्या मागचा ठेका इतका घट्ट आहे की त्यातून सुईसुद्धा जाणार नाही. १९३४ मध्ये पॅरिसला जे क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा बँड, सुरू झालं त्यात एक व्हायोलिन, तीन गिटार आणि एक बास. ड्रम्स नाहीतच! मग ठेका कोण धरणार, तर उरलेल्या दोन गिटार. त्या प्रकाराला फ्रेंचमध्ये पाँप म्हणतात, पाँप म्हणजे पंप. चार मात्रा, त्यातली पहिली आणि तिसरी जरा भरीव, दुसरी आणि चौथी तोडलेली. तोडायची कशी, तर डाव्या हाताची बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढून घ्यायचा, की सूर जागीच मरतो आणि नुसता 'छक्' उरतो. हे करून बघा एकदा, दोन मिनिटांत मनगट बोलायला लागतं, आणि ते दोघं अख्खं गाणंभर तेच करतात, सोलो नाही, टाळ्या नाहीत, काही नाही.

याची एक गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. सुरुवातीला पॅरिसच्या एका हॉटेलात स्टेजच्या मागे ही मंडळी मोकळ्या वेळात आपापसात वाजवत बसायची, तेव्हा गिटार दोनच होत्या, जँगोची आणि रॉजे शापूची. मग जँगोने तक्रार केली की स्तेफान ग्रापेली व्हायोलिनवर सोलो घेतो तेव्हा त्याच्या मागे दोन गिटार असतात, आणि माझी पाळी आली की मागे एकच, हा कुठला न्याय? म्हणून त्याने स्वतःच्या भावाला, जोसेफला, आणून बसवलं. म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात बेफिकीर वाजवणाऱ्या माणसाची पहिली मागणी काय होती? मला ठेका जास्त द्या.

आता घरी करायचा प्रयोग. १९३७ चं 'मायनर स्विंग' लावा. सोळा बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे तुमच्या भाषेत चौसष्ट मात्रांचं आवर्तन. दोन बार ए मायनर ही कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजवलेले सूर), दोन डी मायनर, दोन ई सेव्हन, परत दोन ए मायनर, पुढचा अर्धा भाग जवळपास याच तिघांत. गाण्याला धड चालसुद्धा नाही हो, सुरुवातीला नुसती एक विचारपूस आहे, गिटार आणि व्हायोलिन मिळून तीन सुरांचा तुकडा टाकतात आणि बास खालून उत्तर देतो, की झालं, वीसेक सेकंदांत थेट जँगोचा सोलो. तिथून पुढे एका हाताने मांडीवर पाँप धरा आणि कान फक्त त्याच्या वाजवण्यावर ठेवा. तो मात्रेवर बसत नाही. मात्रा येते, जाते, मग हा येतो, जणू दारात चप्पल काढत होता. वाक्य लांबवतो, मागे रेंगाळतो, तुम्हाला वाटतं आता हा पुढच्या कॉर्डला नक्की चुकणार, आणि एकदम अशी सर्रकन तान मारून जागेवर पोचतो की तुमचाच मांडीवरचा हात हलतो. कच्चा माणूस हे करू शकत नाही. कच्चा माणूस मात्रेला घट्ट धरून चालतो, कारण सोडली तर परत सापडणार नाही ही भीती असते.

मी इंजिनिअरिंगला आहे, गिटार चार वर्षं वाजवतोय. तुमचा लेख वाचून करंगळी आणि अनामिका चिकटपट्टीने बांधून ट्राय केलं. काहीच जमलं नाही. दोन बोटांनीच तशी स्टाइल येते का? (कोल्हापूर)

अरे बाबा, मीही बांधून बघितलीत, पंचवीस वर्षांपूर्वी, तेही आतासारखी कागदी टेप नाही, ती तपकिरी पॅकिंगची टेप. मायनर स्विंगचा पहिला तुकडा निघाला, दुसऱ्या मिनिटाला तळहातात गोळा आला आणि टेप काढताना बोटांवरचे केसही गेले. तेव्हा तू एकटा नाहीस.

पण प्रश्न नीट घेऊ. १९२८ च्या शरद ऋतूत त्याच्या त्या चाकांवरच्या घराला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, ती घरभर होती, आणि सेल्युलॉइड कसं पेटतं हे वेगळं सांगायला नको. डावा हात आणि उजवा पाय भाजला, डॉक्टर पाय कापायला निघाले होते, तो तयार झाला नाही. जवळपास दीड वर्ष बरं होण्यात गेलं. त्यात भावाने आणून दिलेल्या गिटारवर त्याने सगळं पहिल्यापासून बसवलं. आखडलेली दोन बोटं अगदीच मेलेली नव्हती हे लोक विसरतात, कॉर्ड धरताना वरच्या दोन बारीक तारांवर तो ती टेकवायचा. पण तान मारायची ती तर्जनी आणि मधल्या बोटानेच. १९३० च्या दशकाच्या अखेरीची क्विंटेटची एक छोटी फिल्म मिळते, 'जाताँद्रे' वाजवतानाची, त्यात हात जवळून दिसतो. दोन बोटं तारेवर कोळ्यासारखी पळतायत आणि उरलेली दोन बाजूला दुमडून गप्प.

आता यातून वाजवण्यात काय आलं ते सांगतो, कारण ते खरंच आलं. चार बोटं असली की माणूस एका जागी बसून उभा पसरतो, या तारेवरून त्या तारेवर. दोन बोटं असली की तुला आडवं पळावंच लागतं, एकाच तारेवर, मानेपासून पार साउंडहोलपर्यंत, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या भोकापर्यंत. म्हणून त्याच्या ताना अशा घसरत जातात. ते जे सर्रकन वर जाणारं क्रोमॅटिक आहे ना, प्रत्येक अर्धा सूर घेत जाणारं, ते बऱ्याचदा एकच बोट फ्रेटवरून (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवरून) सरकवत आणि प्रत्येक सूर पिकने (तार छेडायच्या चकतीने) वेगळा वाजवत केलेलं असतं. डिमिनिश्ड आर्पेजियोचं, म्हणजे त्या कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याचं, तसंच. त्या आकाराची गंमत अशी की तीन फ्रेट पुढे सरकवला की तेच चार सूर परत हाताला लागतात, म्हणजे बोटांनी नवीन काही शिकायचंच नाही, उचललं आणि पुढे ठेवलं. आणि उजवा हात तर अखंड होता, तो कोणी बघतच नाही! मनगट वाकवलेलं, हवेत तरंगतं, पिक तारेवर मारून खालच्या तारेवर टेकवायचा, नवीन तार आली की पहिला फटका खालीच. त्या आवाजातला जो जोर आहे तो सगळा तिथला आहे.

पण यापुढे जाऊन 'दोन बोटं होती म्हणून जँगो झाला' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आग लागण्याच्या आधी, त्याच वर्षी, अकॉर्डियनवाल्यांच्या मागे बँजो वाजवून त्याच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, बारा-तेराव्या वर्षापासून तो पॅरिसच्या नाचाच्या हॉलांमधून पैसे कमवत होता. आपल्याकडे कुमार गंधर्वांबद्दल हेच चालतं, क्षयाने एक फुफ्फुस गेलं म्हणून ते तुकड्या-तुकड्याने गायचे म्हणे. अहो, एक फुफ्फुस गेलेले लोक त्या काळात कमी होते का? त्यातले कुमार गंधर्व किती झाले? तू टेप सोड. चारही बोटं वापर, फक्त आठवड्यातून एक दिवस एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवायचं असा नियम कर, बघ हात कसा मोकळा होतो ते.

त्यांना नोटेशन येत नव्हतं म्हणतात, खरं का? (पणजी)

खरं. नोटेशन नाही, आणि लिहिणं-वाचणंही फारसं नाही, सही करायला मोठेपणी शिकला. ऑर्केस्ट्रासाठी काही सुचलं की सूर वाजवून दाखवायचा आणि दुसरा कोणीतरी ते उतरवून घ्यायचा, जेरार लेव्हेक नावाच्या क्लॅरिनेटवाल्याने हे काम पुष्कळ केलं. तुम्ही पणजीहून विचारताय म्हणून गंमत वाटली, कारण त्याच काळात गोव्यातून मुंबईत आलेले वादक बरोबर उलटे. चर्चच्या शाळेत नोटेशन पक्कं केलेले, कागद समोर ठेवला की धाडधाड वाजवणारे, ताजमधल्या जॅझ बँडपासून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे तेच होते. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तुम्हाला मी काय सांगणार.

तुम्ही जॅझवाले दर वेळी 'हे आपल्या आलापासारखंच' म्हणता. मला तर काही सारखं वाटत नाही. (एक निवृत्त वाचक, ठाणे)

काका, तुमचं बरोबर आहे, आणि मी हे म्हणणाऱ्यांपैकी नाही. आपल्याकडे राग ठरला की खालचा षड्ज हलत नाही, तंबोरा शेवटपर्यंत तेच सांगत राहतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. इथे जमीनच दर दोन बारांना सरकते. आत्ता जो सूर घरचा होता तोच पुढच्या कॉर्डवर पाहुणा होतो. त्यामुळे जँगोचं साहस कुठे आहे ते बघायचं तर तो कॉर्ड बदलताना काय करतो ते ऐकायचं. सरळमार्गी वादक जुनी कॉर्ड संपवतो, मग नवीन सुरू करतो. हा नवीन कॉर्डचा सूर आधीच ओढून आणतो, किंवा जुन्यावरच बसून राहतो आणि खटकायला लागलं की अर्ध्या सुराने सरकून सोडवतो. मध्येच दोन तारांवर ऑक्टेव्ह, मध्येच सगळ्या तारांवर खणखणीत ट्रेमोलो, जणू मागच्या दोन गिटार कमी पडल्या. काही वेळा एखादा सूर लागतही नाही नीट, फट्ट वाजतो. तो तसाच पुढे जातो, परत येऊन पुसत बसत नाही.

तरी एक गोष्ट तुम्हाला आवडेल अशी देतो. १९३७ मध्ये त्याने एकट्याने गिटारवर केलेल्या दोन रेकॉर्डी आहेत, एकीचं नाव नुसतं 'इंप्रोव्हिजेशन' आणि दुसरी 'पार्फम'. मागे ठेका नाही, ग्रापेली नाही, कोणी नाही. तिथे तो थांबतो, विचार करतो, अर्धं वाक्य सोडून दुसरीकडे जातो. आलाप नाही तो, नाहीच. पण संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ऐकून बघा आणि मला कळवा.

माझा मुलगा नववीत आहे. तुमचा लेख वाचून म्हणतो जँगो कुठल्या क्लासला जात नव्हता, शिस्त नव्हती म्हणूनच तो मोकळा वाजवायचा, आणि गिटारचा क्लास सोडतोय. आता तुम्हीच समजवा. (डोंबिवली)

ताई, सॉरी. मनापासून सॉरी.

मुलाला माझ्याकडून एवढं सांगा की वाजवण्यातला सैलपणा आणि वागण्यातला सैलपणा हे दोन वेगळे खाते आहेत, आणि दुसऱ्या खात्यात जँगो कायम तोट्यात होता. कार्यक्रमाला यायचाच नाही, आला तर उशिरा, पैसे आले की जुगारात किंवा बिलियर्ड्सवर, आणि एखाद्या दिवशी मन झालं की कोणाला न सांगता फिरायला. हे सांभाळायचं ग्रापेलीने, तो बिचारा वेळेवर येणारा, टापटीप माणूस. ग्रापेली ८९ वर्षं जगला आणि जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत राहिला, हे पण सांगा.

१९४६ ची गोष्ट तर अगदीच जिव्हारी लागते. ड्यूक एलिंग्टन या जॅझ बँडवाल्याने त्याला अमेरिकेला बोलावलं. अमेरिका! जॅझची पंढरी! हा पठ्ठ्या गिटार न घेताच गेला, कारण याला वाटलं तिथल्या गिटार कंपन्या आपल्यासाठी रांग लावून उभ्या असतील. कोणी उभं नव्हतं. मग तिथे मिळाली ती इलेक्ट्रिक घेऊन दौरा केला, जी त्याच्या हाताची नव्हती. न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये दोन रात्री कार्यक्रम, पहिली रात्र चांगली गेली. दुसऱ्या दिवशी त्याला मार्सेल सेर्दां भेटला, फ्रेंच बॉक्सर, दोघं गप्पा मारत बसले आणि एलिंग्टन स्टेजवर सांगून मोकळा झाला की पाहुणे येऊ शकत नाहीत. जँगो टॅक्सीने पोचला तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. कोणाला मोकळेपणा वाटत असेल त्याने त्या टॅक्सीत बसल्याची कल्पना करावी.

आणि क्लासचं म्हणाल तर शिकणं नव्हतं असं अजिबात नाही. वस्तीतले काका-मामा, मोठे वादक, त्यांच्या हाताकडे बघत बघत शिकला. १९३१ च्या सुमाराला तुलाँ शहरात एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्याला जॅझ ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकवल्या, त्या तो पुन्हा पुन्हा ऐकत बसला, रडला म्हणतात. आणि ते हॉस्पिटलमधलं दीड वर्ष. तुमच्या चिरंजीवांना विचारा, दीड वर्ष खाटेवर बसून रोज गिटार वाजवायची तयारी आहे का, असेल तर क्लास खुशाल सोडा.

तो आवाज काढायला कुठली गिटार घ्यावी? बजेट कमी आहे. (परभणी)

त्याची सेल्मर कंपनीची, पॅरिसची, १९३२ मध्ये मारिओ माकाफेरी नावाच्या इटालियन कारागिराने डिझाइन केलेली. सुरुवातीच्यांना इंग्रजी डी अक्षरासारखं मोठं साउंडहोल होतं, नंतर छोटं लांबट झालं, जँगोच्या हातात बऱ्याचदा तेच दिसतं. सगळ्या मिळून हजारसुद्धा बनल्या नाहीत, त्यामुळे ते विसरा. आहे त्याच स्टीलच्या तारांच्या गिटारवर तारा जरा हलक्या लावा, ब्रिजच्या जवळ वाजवा, आणि पिक जाडजूड घ्या, तो वाकता कामा नये. दुकानदार पातळ पिक देतो, नको म्हणा. अर्धं काम तिथेच होतं, गंमत नाही करत.

शेवटी-शेवटी इलेक्ट्रिक गिटार घेऊन जँगो बिघडला असं माझे वडील म्हणायचे. मी अजून त्या रेकॉर्डी ऐकल्याच नाहीत. ऐकू का? (पुण्याची, सध्या एडिंबरात)

आधी ऐका मग वडिलांशी मनातल्या मनात भांडा, मी पण भांडलोय.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते असं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा क्विंटेट लंडनमध्ये होतं, ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझींच्या राज्यात रोमा माणसाने पॅरिसमध्ये राहणं म्हणजे काय ते इथे दोन ओळीत लिहिण्यासारखं नाही, त्याच्या लोकांना छावण्यांत घालून मारत होते. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये पळून जायचा प्रयत्न केला, तिथून परत पाठवला. आणि याच वर्षांत तो सगळ्यात लोकप्रिय होता. १९४० चं त्याचं 'न्युआज', म्हणजे ढग, पॅरिसभर वाजत होतं. त्यात व्हायोलिनऐवजी क्लॅरिनेट आहे आणि मागे ड्रम्स आहेत, म्हणजे बदल तिथूनच सुरू झाला. पुढे अमेरिकेतून बीबॉप ही जॅझची नवी तऱ्हा आली, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, आणि पॅरिसची तरुण मंडळी जँगोला जुना समजायला लागली. मग थोडी वर्षं तो खरंच हरवल्यासारखा वाटतो, चित्रं काढत बसला, मासे पकडत बसला. १९४९ मध्ये रोमला ग्रापेलीबरोबर परत साठाहून जास्त ट्रॅक केले, पण मागची इटालियन मंडळी पाँप वाजवणारी नव्हती, पियानो-ड्रम्सवाली, आणि काही ठिकाणी ते दोघं एका गावात आणि साथीदार दुसऱ्या गावात असं वाटतं. वडिलांनी बहुतेक हेच ऐकलं असणार.

पण मार्च १९५३ चं ऐका. पियानोवर मॉरिस व्हांदेर, बासवर पिएर मिशलो, ड्रम्सवर जाँ-लुई व्हियाल, तिघंही त्याच्यापेक्षा किती लहान, बीबॉपवर वाढलेली पोरं. आणि मध्ये हा, इलेक्ट्रिक गिटार घेऊन. आधीच्या रेकॉर्डींत तो खूप सूर वाजवायचा, खूपच, इथे एक सूर सोडतो आणि थांबतो, कारण आता सूर लगेच मरत नाही, वायरमधून लांब राहतो, आणि त्याला ते कळलंय. 'नाइट अँड डे' लावा त्यातलं. तेच रेंगाळणं, तीच मात्रा चुकवून मागून येणं, पण आता घाई नाही, आणि मागच्या पोरांना तो कुठे जातोय ते बरोबर कळतंय.

हे मार्चमध्ये. १६ मे ला साम्वा-स्युर-सेनला, पॅरिसच्या खाली नदीकाठचं गाव, तिथे तो राहायचा, मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. शनिवार होता, डॉक्टर यायला वेळ लागला. एडिंबराहून पॅरिस काही लांब नाही, तिथून गाडीने तासाभरात तुम्ही त्या बाजूला पोचाल. दर उन्हाळ्यात त्या भागात त्याच्या नावाचा उत्सव असतो, पहिला १९६८ मध्ये याच गावात झाला. गेलात तर रात्री वादक तळावर जे वाजवत बसतात ते ऐका आणि कोण पाँप धरतंय ते बघा, जमलं तर रेकॉर्ड करून पाठवा, त्या नाशिकच्या तबलजींना ऐकवायचंय.